तणनाशक न मारता भात स्वच्छ कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईची नोकरी सोडून गावी आलात. 30 गुंठे भात आहे, त्यातला बराचसा मळा (पाणी धरणारी सखल जमीन) आणि वर थोडं वरकस (उताराची जमीन). गेल्या वर्षी श्रावणात शेतात उतरलात तेव्हा भात कुठलं आणि गवत कुठलं हेच कळेना. बेणणीला, म्हणजे हाताने तण काढायला, माणसं मिळाली नाहीत. शेजाऱ्यांनी तणनाशक सुचवलं, पण शेताचं पाणी पऱ्याला (ओढ्याला) लागतं आणि पऱ्याकाठी तुमची विहीर आहे, म्हणून ते मारायचं नाही. घरात काम करणारी माणसं तीन: तुम्ही, पत्नी आणि आई. एवढ्यावर जमेल का, आणि आई म्हणतात तसा राब भाजायचा का (रोपांच्या जागेवर पाचोळा-शेण जाळायचं का), हे तुम्ही विचारलंय.

जमेल. मी लांजा तालुक्यात भात करतो, माझ्याही शेताखाली पऱ्या आहे आणि गेली 16 वर्षं मी तणनाशकाची बाटली घरात आणलेली नाही. पण आधी एक सांगतो: फक्त बेणणीच्या जोरावर हे कधीच जमणार नाही. पूर्वी जमायचं, कारण घरटी आठ-दहा माणसं होती आणि इरली पाठीवर घेऊन बायका दिवस दिवस चिखलात वाकून असायच्या. ती माणसं आता नाहीत, आणि असती तरी त्यांच्या कंबरेवर शेती उभी करणं मला पटत नाही. तीन माणसांत भात स्वच्छ ठेवायचं तर तण उगवणारच कमी, अशी व्यवस्था लावणीच्या आधी करावी लागते. बेणणी ही शेवटची झाडलोट. गेल्या वर्षी तुम्ही झाडलोटीनेच सुरुवात केलीत, तीही श्रावणात.

लावणीनंतर साधारण पंधराव्या दिवसापासून चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत भात आणि तण यांची खरी झटापट असते. या काळात भात फुटवे काढतं. तेव्हा तण वरचढ झालं तर फुटवे कमी येतात, आणि पुढे तण काढलं तरी ते फुटवे परत येत नाहीत. पुनर्वसूत, म्हणजे जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या भाताचे हे दिवस श्रावण निम्मा होईपर्यंत संपतात. त्यानंतरची बेणणी फार तर पुढच्या वर्षीचं बी कमी करते. या वर्षीचं पीक वाचवत नाही.

आता तण ओळखायला शिका. सगळं तण एकाच उपायाला ऐकत नाही. भातात तीन घराणी असतात. पहिलं गवतांचं: रानसावा, पाखड, बार्डी. दिसायला भातासारखी आणि सगळ्यांत खादाड. दुसरं लव्हाळ्याचं. त्याची दांडी चिमटीत धरून फिरवा, तीन कडा बोटाला लागतात. तिसरं रुंद पानाचं: माका, केना आणि पाण्यात वाढणाऱ्या कितीतरी वनस्पती. गवतांना उगवताना हवा लागते, म्हणून साचलेल्या पाण्याखाली त्यांचं बी सहसा वर येत नाही. लव्हाळवर्गातली बियांपासून येणारी तणं आणि पाणथळ रुंद पानं मात्र पाण्यातही आरामात उगवतात. त्यामुळे काम वाटून द्यायचं: गवतं पाण्याने दाबायची, पाण्याला न जुमानणारी कोळप्याने (ओळींमधून ढकलायच्या हातयंत्राने) चिखलात घालायची आणि चुडात, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यात, दडलेली हाताने उपटायची.

रानसावा आणि भाताचं रोप यांत फसगत होते, ती टाळायची एक खूण आहे. पान जिथे खोडाला चिकटतं तिथे ते नखाने अलगद मागे ओढा. भाताच्या पानाच्या बुडाशी पांढरट, कागदासारखी पातळ जीभ उभी दिसते आणि दोन्ही बाजूंना बारीक केसाळ कान असतात. रानसावाला ना जीभ, ना कान. तिथे नुसता गुळगुळीत सांधा असतो. बरेचदा त्याचं बूड तांबूस-जांभळटही असतं. आईंना बहुधा हे न बघताच कळत असेल, पण तुम्ही आणि पत्नी दोघांनी पहिल्या वर्षी 50 रोपं अशी तपासा. नंतर डोळाच तयार होतो.

हे मी तरव्याआधी, म्हणजे लावणीसाठी वाढवायच्या रोपांआधी, सांगितलं, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी तुमच्या शेतातला निदान काही रानसावा तुम्ही स्वतः लावलात. तरव्यात भाताबरोबर तोही उगवतो, जुडीत बांधला जातो आणि लावणीत भाताच्या जोडीने, नीट अंतरावर, चिखलात रोवला जातो. असा सावा शेतात उगवलेल्या तणापेक्षा तीन आठवड्यांनी मोठा असतो. पाणी त्याला बुडवू शकत नाही, आणि चुडातच असल्यामुळे कोळपंही त्याला लागत नाही. म्हणून माझी सगळ्यांत जास्त मेहनत तरव्यावर जाते. 30 गुंठ्यांना 3 गुंठे तरवा लागतो. 3 गुंठे स्वच्छ ठेवणं तीन माणसांना सहज शक्य आहे, 30 गुंठे नाही.

बियाण्यापासून सुरुवात करा. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी ओता, ढवळा. तरंगणारी पोचट भातं आणि त्यांच्याबरोबरचं हलकं तणाचं बी गाळणीने काढून टाका. तळाचं बी साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि सावलीत सुकवा. मिठाचं पाणी जड तणबियांना काही करत नाही, म्हणून त्याआधी बी सुपात पसरून एकदा नजरेखालून घाला. घरचं बी ठेवत असाल तर ते स्वच्छ कुणग्यातूनच (भाताच्या खाचरातूनच) राखा. मळणीच्या खळ्यावरून पायलीभर उचललेलं बी म्हणजे गेल्या वर्षीच्या तणाला दिलेलं आमंत्रण आहे.

आता राब. आई सांगतात त्यात तथ्य आहे. शेण, पाचोळा, कवळं (छाटलेल्या फांद्या) आणि माती असे थर देऊन भाजलेल्या जागेत वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी ही पद्धत धरून ठेवली. पण त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, शेण जळून जातं, आणि जे खत शेतात जायचं त्याचा धूर होतो. मी राब सोडला, आणि सोडताना वडिलांशी बरंच बोलणं झालं. त्यांचा प्रश्न साधा होता: मग तण कशाने मरणार? मी एप्रिलच्या शेवटी तरव्याच्या जागेची ढेकळं फोडून वाफे केले, भरपूर पाणी दिलं, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून घातलं आणि कडा मातीत गाडल्या. मेअखेरपर्यंत ते तसंच ठेवलं. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात प्लास्टिकखालची माती हाताला चटका बसेल इतकी तापते. काळं प्लास्टिक घेऊ नका. ऊन आत जायला हवं. प्लास्टिक काढल्यावर जमीन खोल उकरायची नाही, नाहीतर खालचं जिवंत बी वर येतं. वरचं दोन बोटं हलवून पेरायचं. वडिलांनी पहिल्या वर्षी अर्धी जागा भाजलेली ठेवली आणि अर्धी माझ्या ताब्यात दिली. दुसऱ्या वर्षी त्यांनीच प्लास्टिक आणायला सांगितलं. एक मर्यादा मात्र आहे: लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी याने मरत नाहीत, त्यामुळे लव्हाळा असलेली जागा तरव्यासाठी निवडू नका.

पेरणी फेकून न करता गादीवाफ्यावर ओळीत करा. ओळीबाहेर जे उगवेल ते तण, असा सोपा हिशेब राहतो. बाराव्या-तेराव्या दिवशी एकदा तरवा बेणून घ्या, आणि काढताना जुडी बांधण्याआधी प्रत्येक मूठ एकदा पसरून बघा. हे काम आईंना द्या. बसून होतं आणि त्यांच्याइतका पक्का डोळा दुसऱ्या कुणाचा नसणार.

आता मुख्य शेत. भात कापल्यावर जमिनीत ओल असतानाच उखळणी झाली तर हरळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी उघड्यावर येऊन पुढचे चार-पाच महिने ऊन खातात. या वर्षी ते राहून गेलं असेल तर वळवाचा एखादा पाऊस झाल्यावर करा. जिथे ओल टिकते तिथे उखळणीनंतर कुळीथ, वाल किंवा चवळी घ्या. रिकामी जमीन रिकामी राहत नाही. आपण काही पेरलं नाही तर ती स्वतःच पेरून घेते. शेणखत पुरतं कुजलेलंच घाला. गोठ्यातलं ओलं शेण थेट शेतात टाकलं की गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्याच्यातून परत येतं. माझ्या एका चोंढ्यात (सखल खाचरात) तीन वर्षं पाखड हटत नव्हती. खताची रास जिथे उतरवायचो, नेमकी तिथूनच ती पसरत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मिरगाचा पाऊस लागला की सगळे घाईने चिखलणीला लागतात. तुम्ही थांबा. पहिल्या पावसावर एक नांगरट करून शेत दहा-बारा दिवस तसंच ठेवा. वरच्या थरातलं तण हिरवंगार उगवून येईल. बघणारे नावं ठेवतील, ठेवू द्या. जे आता उगवलं ते लावणीनंतर उगवणार नाही. ते दोन-तीन पानांवर आलं की पाणी अडवून चिखलणी करा आणि ते सगळं चिखलात गाडा. मधे जमलं तर चार-पाच दिवस थांबून दुसरी चिखलणी. दोन चिखलण्यांतला हा अवकाश तुमचा सगळ्यांत स्वस्त तणनाशक आहे, कारण त्याला वाट बघण्याखेरीज काही लागत नाही. गिरिपुष्पाचा पाला मिळत असेल तर शेवटच्या चिखलणीआधी गुंठ्याला 30 किलोच्या हिशेबाने पसरा. खत होतं, आणि मेरेवर, म्हणजे बांधावर, गिरिपुष्प लावलेलं असलं की तो विकतही आणावा लागत नाही.

चिखलणीनंतर एक गोष्ट बघा. चिखल बसला आणि पाणी वर निवळलं की काड्या, फेस आणि हलकं बी तरंगत वाऱ्याबरोबर एका कोपऱ्यात गोळा होतं. बारीक तपकिरी साय धरल्यासारखं दिसतं. ती साय हातात घेऊन चोळा, तणाचं बी बोटांना कचकच लागेल. जुनी मच्छरदाणी दोन काठ्यांना बांधून मी ती गाळून काढतो आणि शेताबाहेर खड्ड्यात टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे. मी हे कुठून शिकलो नाही. एका वर्षी लावणी लांबली, तेव्हा त्याच कोपऱ्यात तणाची गादी उगवलेली पाहिली आणि कारण शोधत गेलो.

मग फळी. चिखलणीनंतर फळी फिरवून शेत सपाट करणं हे लोक भात लावायला सोपं जावं म्हणून करतात, पण तणाच्या दृष्टीने ते त्याहून महत्त्वाचं आहे. शेतात चार बोटांचा उंचवटा राहिला तर तिथे पाणी उभं राहणार नाही, आणि सगळा रानसावा तिथेच येणार. गेल्या वर्षी तण शेतभर सारखं होतं की ठिगळाठिगळाने होतं, हे आठवून बघा. ठिगळं असतील तर ते तुमच्या शेताचे उंचवटे. चिखलणीच्या पाण्यातच ते उघडे दिसतात, तेव्हाच फावड्याने ओढून सखल जागेत घाला. शेवटची फळी फिरली की लावणी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. चिखल करून आठवडाभर माणसांची वाट बघत बसलात तर तणाला आठवड्याची आघाडी दिलीत.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे पाऊस इतका की पाण्याकडे कुणी लक्षच देत नाही. लावल्यावर रोप मुळं धरेपर्यंत एक पेरभर पाणी पुरे. त्यानंतर बोटाची दोन पेरं, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर, सतत उभं राहिलं पाहिजे. निदान पहिले चार आठवडे. जुलैत हे आपोआप होतं असं वाटतं, पण तसं नसतं. तरणा पाऊस दोन दिवस झोडपून जातो, मग चार दिवस उघडीप. त्या चार दिवसांत शेत उघडं पडलं की तणाला हवी ती हवा मिळाली. एकदा उगवलेलं तण पुढच्या पावसात बुडत नाही.

पाणी जातं कुठे? बहुतेक वेळा मेरेतून, आणि मेरेला भोकं पाडतात खेकडे. आमच्याकडे त्यांना मुठे म्हणतात. मुठ्याचं बीळ वरून साधं दिसतं, पण आत वळत जाऊन मेरेच्या दुसऱ्या अंगाला फुटतं आणि रात्रीत कुणगा रिकामा करतं. लावणीनंतरचा पहिला महिना मी रोज सकाळी मेरेवरून एक फेरी मारतो. हातात कुदळ. बाहेरच्या अंगाला पाण्याची धार दिसली की आतल्या बाजूने भोक शोधायचं, कुदळीने मोकळं करायचं, ओल्या चिकणमातीचा गोळा आत खोलवर दाबायचा आणि टाचेने ठोकायचा. वरवर चिखल फासला तर मुठा संध्याकाळी परत उघडतो. दर वर्षी आर्द्रात सगळ्या मेरांना आतल्या अंगाने नव्या चिखलाचा हात द्या. आपल्या आज्या हे करायच्या ते शोभेसाठी नव्हे. पाणी सोडायचं तोंड एकच ठेवा आणि त्यात पाहिजे त्या उंचीचा दगड बसवा, म्हणजे अतिवृष्टीत जास्तीचं पाणी जाईल आणि दोन पेरं आत राहील.

आता लावणी. मोघम, जिथे हात पडेल तिथे लावलेल्या भातात कोळपं चालत नाही, आणि कोळपं चालत नसेल तर तुमच्या तीन माणसांत बेणणी होणार नाही. त्यामुळे ओळीत लावणीबाबत माझ्याकडे तडजोड नाही. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीतलं अंतर मला आपल्या कुणग्यांसाठी सगळ्यांत सोयीचं वाटतं: 15 सेंटिमीटर, मग 25, मग पुन्हा 15, पुन्हा 25, असं दोन्ही दिशांनी. नायलॉनच्या दोरीला या अंतरावर रंगीत कापडाच्या चिंध्या बांधा, दोन टोकांना दोन माणसं धरा, चिंधीपाशी दोन-तीन रोपांचा चूड लावा. दर दोन ओळींनंतर 25 सेंटिमीटरची मोकळी वाट मिळते आणि चौरस मीटरला 25 चूड बसतात, म्हणजे भात विरळही होत नाही. पण बाजारातून कोळपं आणलंत तर आधी त्याच्या चाकाची रुंदी मोजा आणि मगच दोरी बांधा. मी उलटं केलं होतं. दोरी आधी बांधली, कोळपं नंतर आलं, आणि ते ओळीत शिरेना. एक हंगाम वाया गेला.

लावायला येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी कुरकुर करतील, कारण ओळीत लावणं सावकाश होतं. उक्तं काम देऊ नका, रोजाने द्या. दुसऱ्या दिवसापासून हात बसतो. रोप किती दिवसांचं? मादागास्करमध्ये 1980 च्या दशकात सुरू झालेल्या ‘श्री’ पद्धतीत 8 ते 12 दिवसांचं एकेक रोप 25 बाय 25 वर लावतात, आणि जिथे पाणी हातात आहे तिथे त्याचे फुटवे बघण्यासारखे असतात. आपल्या मळ्यात एका रात्रीच्या पावसाने एवढं रोप बुडून जातं. मी 18 ते 21 दिवसांचं घेतो. फार जून झालेला तरवाही नको. त्याला सावरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तण पुढे निघतं.

कोळपं म्हणजे कोनो वीडर किंवा साधं जपानी कोळपं. लावणीनंतर बारा-पंधरा दिवसांनी पहिली पाळी, मग दहा-दहा दिवसांनी दुसरी आणि तिसरी. पहिली पाळी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात, कारण तेव्हा तण दिसतच नाही. दोन पानांचं तण चिखलात गेलं की मेलं. सहा पानांचं गेलं तर तीन दिवसांनी परत डोकं वर काढतं. शेतात एक पेरभर पाणी हवं. कोरड्या चिखलात कोनोची चाकं मातीने भरून दगड होतात, आणि पाणी जास्त असलं तर कोळपं तरंगत नुसतं घसरतं. सरळ ढकलत जाऊ नका. हातभर पुढे, वीतभर मागे, पुन्हा हातभर पुढे. मागे येताना तण गाडलं जातं. कोळपल्यावर दोन-तीन दिवस पाणी सोडू नका, नाहीतर उलथलेलं तण पुन्हा मूळ धरतं. घरच्या एका माणसाकडून दिवसाला 8-10 गुंठे होतात. म्हणजे तुम्ही दोघं आलटून पालटून केलंत तर 30 गुंठ्यांची एक पाळी तीन-चार दिवसांत उरकते. पेट्रोलवर चालणारी यंत्रंही आहेत, पण आपल्या वाकड्यातिकड्या कुणग्यांत ती वळवण्यातच वेळ जातो.

कोळप्याचा आणखी एक गुण आहे, आणि तो मला तण मारण्याइतकाच मोलाचा वाटतो. कोळपताना चिखलातून बुडबुडे येतात आणि कुजकट वास सुटतो. दुसऱ्या पाळीनंतर आठवड्याने एक चूड उपटून मुळं धुऊन बघा, आणि न कोळपलेल्या जागेतला एक चूड शेजारी ठेवा. कोळपलेल्याची मुळं पांढरी आणि दाट निघतात, दुसऱ्याची तांबूस-काळपट. पत्नीला आणि आईंना हे दोन चूड दाखवा. मग तिसरी पाळी करायला तुम्हाला कुणाला सांगावं लागणार नाही.

चुडालगतचं तण मात्र हातानेच काढायचं. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी ओळींतून एकदा चालत जा. ओळी असल्यामुळे वाकून शोधावं लागत नाही. फुलावर न आलेलं तण गुरांना घाला. केना निघाला तर कोवळे शेंडे घरी आणा, भाजी चांगली होते. माझी आई बेणताना ओच्यात तो वेगळा ठेवायची. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर भाताची पानं ओळी झाकून टाकतात. मग खाली जे बारीकसारीक उरेल त्याला सावलीत फारसं काही करता येत नाही. ते राहू द्या. फक्त भाताच्या वर डोकं काढणारं प्रत्येक गवत, बी धरायच्या आत, जाऊन उपटा. रानसावाचं एक झाड हजारोंनी बी टाकतं. मेरेवरचं गवतही फुलण्याआधी कापा, पण मेर खरवडून उघडी करू नका, पावसात ती बसून जाईल.

बदकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच. जपानमध्ये ताकाओ फुरुनो यांनी भातात बदकं सोडण्याची पद्धत नावारूपाला आणली. लावणीनंतर पिल्लं सोडतात आणि लोंब्या येण्याआधी काढून घेतात. पिल्लं तण खातात, चिखल ढवळतात, किडे वेचतात. मी दोन वर्षं केलं. काम त्यांनी खरोखर उत्तम केलं. पण कोल्ह्यांनी आणि मुंगसांनी पहिल्या वर्षी निम्मी नेली. चहूबाजूंनी जाळी आणि रात्रीचा पक्का खुराडा असेल तरच या वाटेला जा. ॲझोलाचंही असंच. साचल्या पाण्यावर तो हिरवी गोधडी पांघरतो आणि खाली तण उगवू देत नाही, पण आपल्याकडे एका जोरदार सरीत सगळा पऱ्यात वाहून जातो. ज्या कुणग्यात वरचं पाणी शिरत नाही तिथेच करून बघा.

वरकसाचं उत्तर वेगळं आहे. तिथे पाणी उभं राहत नाही, म्हणजे तुमचं मुख्य हत्यारच नाही. उतारावर धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं भात आणि तण एकाच दिवशी उगवतात आणि तण जिंकतं. तणनाशकाशिवाय तिथे पेरभात पहिली तीन-चार वर्षं तरी करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तिथे नाचणी घ्या, रोपं करून ओळीत लावा आणि हातकोळप्याने दोनदा कोळपा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं एसआरटी तंत्रही तुमच्या कानावर आलं असेल. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, नांगरट नाही. जमिनीचा पोत त्याने सुधारतो, हे मी शेजारच्या शेतावर पाहिलंय. पण त्यात न नांगरल्याने येणाऱ्या तणासाठी तणनाशकाचा आधार घेतलेला आहे. तो काढला तर वाफ्यावर पेंढ्याचं जाड आच्छादन आणि हाताची बेणणी वाढते. दोन गुंठ्यांवर करून बघा, सगळ्या वरकसावर नको.

एका गोष्टीपासून लांब राहा. मीठ, व्हिनेगर, गोमूत्र असं मिसळून फवारायचे उपाय फोनवर फिरत असतात. मीठ तणाबरोबर जमिनीतही राहतं. एका वर्षी मी ‘शंभर टक्के जैविक तणनाशक’ लिहिलेली बाटली आणली. घटक कुठेच छापलेले नव्हते. कडेच्या दोन ओळींवर मारून बघितलं, तण करपलं आणि भातही करपलं. आत काय होतं कोण जाणे. ज्या बाटलीवर घटक छापलेले नाहीत ती विकत घेऊ नका.

तुमच्या वर्णनात एक वाक्य होतं, भात पिकायच्या आधीच काही लोंब्यांचे दाणे गळून पडत होते आणि त्यांना लांब कुसळं होती. ते देवभात असण्याची शक्यता बरीच आहे. ते भाताचंच रानटी भावंड, जीभ आणि कान त्यालाही असतात, त्यामुळे वर सांगितलेली खूण तिथे चालत नाही. ज्या कुणग्यात ते दिसलं त्या कुणग्यातलं बी या वर्षी वापरू नका. त्या जागेत मिरगानंतरची वाट बघणं दोनदा करा आणि ओळीबाहेर उगवलेलं प्रत्येक भातासारखं रोपही तण समजूनच काढा. लोंबी बाहेर पडताच कुसळवाली ताटं दाणे गळायच्या आत कापून शेताबाहेर न्या. छत्तीसगडमध्ये यासाठी ‘श्यामला’ नावाची जांभळ्या पानांची जात लावतात, म्हणजे हिरवं दिसेल ते उपटायचं. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. ओळ हीच तुमची खूण.

पहिल्याच वर्षी 30 गुंठ्यांवर सगळं करायला जाऊ नका. घराजवळचा, पाणी धरणारा 10 गुंठ्यांचा मळा निवडा आणि वरचं सगळं तिथे नीट करा. बाकीच्या मळ्यात निदान दोन गोष्टी करा: स्वच्छ तरवा आणि ओळीतली लावणी. लावणीची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा आणि तिथून 12, 22, 32 असे दिवस मोजून कोळपणीच्या खुणा आत्ताच करा, कारण जुलैत कोणालाच दिवस आठवत नाहीत. प्लास्टिक, दोरी आणि कोळपं एवढीच खरेदी आहे. प्लास्टिक एप्रिल संपायच्या आत अंथरलं गेलं पाहिजे, म्हणून तरव्याची जागा या आठवड्यातच आईंना विचारून ठरवा. कुठे लव्हाळा नाही, हे त्यांना ठाऊक असेल.